आठवण विकते, की दहा रुपये? स्मरणरंजन आणि ग्राहक : एक आढावा

मार्च २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा पुन्हा बाजारात आणला. आदल्या वर्षी कंपनीने हे नाव दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सकडून विकत घेतलं होतं. १९७७ मध्ये कोका-कोलाने भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत ज्या देशी पेयांनी बस्तान बसवलं त्यांत थम्स अप होतं, तसा कॅम्पाही होता. १९९३ मध्ये कोक परतला आणि कॅम्पा हळूहळू दुकानांतून दिसेनासा झाला. नव्या जन्मात त्याने थोड्याच काळात फळीवर बऱ्यापैकी जागा मिळवली, तशी त्याच्या यशाची दोन स्पष्टीकरणंही आली. एक असं की, आज पन्नाशी-साठीत असलेल्यांच्या मनात ते नाव होतंच. त्याला फक्त हाक मारायची होती. दुसरं असं की, दोनशे मिलीची बाटली दहा रुपयांना आणि दुकानदाराला इतर कंपन्यांपेक्षा जास्त मार्जिन, एवढं असताना आठवणीचा संबंध येतोच कुठे?

जुन्याची ओढ आणि खरेदी यांच्या नात्यावर गेली चाळीसेक वर्षं जो अभ्यास चालू आहे, त्याचा सगळा पेच या दोन स्पष्टीकरणांत सामावला आहे. हा अभ्यास कुठून निघाला, कोणत्या वाटांनी गेला आणि आज कुठे अडला आहे, ते क्रमाने पाहू.

आजार ते भावना

या विषयाची पहिली नोंद वैद्यकाच्या दप्तरात सापडते. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात योहानेस होफर या तरुणाने एक प्रबंध सादर केला. घरापासून लांब राहणाऱ्यांना जडणाऱ्या विकाराबद्दल तो होता. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, माणूस खंगत जातो. परक्या राजांच्या पदरी भाडोत्री शिपाई म्हणून गेलेल्या स्विस तरुणांशी हा विकार पुढे कायमचा जोडला गेला. खात्रीचा उपाय एकच : रोग्याला घरी पाठवा. त्यानंतर बराच काळ डॉक्टर मंडळी याकडे आजार म्हणूनच पाहत होती.

विसाव्या शतकात घराच्या ओढीची जागा काळाच्या ओढीने घेतली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ फ्रेड डेव्हिस यांचं १९७९ चं ‘यर्निंग फॉर यस्टरडे’ हे पुस्तक या वळणावरचं महत्त्वाचं काम. आयुष्यात किंवा समाजात उलथापालथ होते, तेव्हा आपण तेच आहोत ना याची खातरजमा करायला माणूस मागे वळतो, आणि वळताना त्रासाचा भाग गाळून टाकतो, असं त्यांचं म्हणणं. यातला दुसरा मुद्दा पटवून घ्यायचा तर बजाज चेतक चालवलेल्या पिढीला विचारावं. सकाळी स्कूटर तिरकी करायची, जवळजवळ आडवी पाडायची, आणि मग किकवर किक मारत घामाघूम व्हायचं. प्लगमध्ये कचरा अडकला की भर चौकात गाडी बंद. तेव्हा हा निव्वळ वैताग होता. आज त्याच तिरक्या स्कूटरची गोष्ट लग्नाच्या पंगतीत हसत सांगितली जाते, आणि ती गाडी मिळायला नंबर लावून किती वर्षं थांबलो हे तर अभिमानाने सांगतात.

घरी परत जाता येतं, १९८५ सालात परत जाता येत नाही. मात्र तिथली एखादी वस्तू विकत घेता येते. विपणनाच्या अभ्यासकांचं कुतूहल इथून सुरू होतं. होफरच्या काळचा जुना अर्थही अर्थात संपलेला नाही. दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईतून परदेशी जाणारी फराळाची खोकी पाहा. न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानात चकली मिळते. तरीही घरच्या भाजणीची चकली टपालाने किंवा कुरियरने जाते, निम्मी मोडून पोचते, आणि चुऱ्यासकट संपते.

याच १९८५ सालाने विपणनाला एक गाजलेलं उदाहरण दिलं. २३ एप्रिलला कोका-कोलाने आपली मूळ चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना चव चाखायला देऊन, बहुसंख्यांना नवी चव आवडते याची खात्री करून घेतली होती. लोक मात्र भडकले. पत्रं आली, फोन आले, आणि ७९ दिवसांत जुनी चव ‘क्लासिक’ या नावाने परत आणावी लागली. या प्रकरणाचे अर्थ मात्र दोन लागतात. कोणी म्हणतं, लोक चव पीत नव्हते, आपलं बालपण पीत होते. कोणी म्हणतं, हातातली वस्तू न विचारता काढून घेतली की कुणालाही राग येतो. कोक कुठे गेलाच नव्हता, मग त्याची हुरहूर कसली? मला दुसरं वाचन अधिक सावध वाटतं, पण पहिलं पूर्णपणे खोडून काढणारा पुरावा कुणी दिलेला नाही.

पहिली मांडणी : ठसा उमटण्याचं वय

पद्धतशीर मोजमाप सुरू झालं ते मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासापासून. सोळा ते शहाऐंशी वयाच्या १०८ जणांना त्यांनी १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि आवडनिवड विचारली. आपण साधारण तेवीस-चोवीस वर्षांचे असताना जे गाणं गाजत होतं, ते माणसाला सर्वांत जास्त आवडतं, असा निष्कर्ष निघाला. पुढे त्यांनी हीच कसोटी चित्रपटांना, नट-नट्यांना आणि २००३ मध्ये मोटारींना लावली. मोटारींच्या बाबतीत हा परिणाम पुरुषांत दिसला, बायकांत तसा दिसला नाही. म्हणजे ठसा केवळ वयाने उमटत नाही. त्या वयात ती वस्तू आपल्या आयुष्यात किती होती, यावरही ते अवलंबून असतं. स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा अनुभव याला जुळणारा आहे. उतारवयात लोकांना सर्वांत जास्त आठवतात ती दहा ते तीस या वयातली वर्षं.

ही मांडणी व्यापाऱ्याच्या सोयीची आहे. गिऱ्हाइकाचं वय कळलं की कोणतं दशक विकायचं ते ठरलं. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये आणलेला ‘कारवाँ’ या हिशेबात चपखल बसतो. जुन्या एचएमव्हीच्या खजिन्यातली पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली, रूप ट्रान्झिस्टरचं, किंमत ५,९९० रुपये. पुढे मराठी गाण्यांचाही आला. फोन नको, इंटरनेट नको, गाणं शोधायची खटपट नको. गोल खटका फिरवून गायक निवडायचा आणि ऐकत बसायचं.

पण याच उदाहरणात मांडणीला एक फट पडते. कारवाँ मोठ्या प्रमाणात भेट म्हणून गेला. साठीच्या आईवडिलांसाठी तिशी-पस्तिशीच्या मुलांनी तो घेतला. आठवण एकाची, पाकीट दुसऱ्याचं. मुलाने नेमकं काय विकत घेतलं? आईच्या तरुणपणाची गाणी, की रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून ऐकू येणारं स्वतःचं बालपण, की परगावी राहत असल्याच्या अपराधी भावनेवर थोडीशी फुंकर? वयाच्या आलेखात या तिन्ही शक्यता दिसत नाहीत.

दुसरी अडचण पद्धतीची. आज सत्तर वर्षांच्या माणसाला एखादं गाणं आवडतं ते तो तेव्हा तरुण होता म्हणून, की ते गाणं मुळातच इतकं चांगलं होतं की टिकलं म्हणून, हे वेगळं काढणं अवघड. अलीकडे मोठ्या संख्येवर हा अभ्यास पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा आवडीचं शिखर किशोरवयाच्या उत्तरार्धाकडे सरकलेलं आढळलं. ठसा उमटतो हे मान्य. केव्हा आणि किती खोल, यावर एकमत नाही.

दुसरी मांडणी : एकटेपणावरचा उतारा

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टँटीन सेडिकिडीस, टिम वाइल्डशूट आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ पासून प्रश्नच उलटा केला. माणूस कोणत्या वर्षाकडे वळतो यापेक्षा तो वळतो केव्हा, आणि वळून त्याला काय मिळतं? त्यांच्या प्रयोगांतून दिसलं की खिन्न किंवा एकटं वाटत असताना माणूस जुन्या आठवणींत शिरतो, त्या आठवणींत जवळची माणसं असतात, आणि त्यातून बाहेर येताना त्याला थोडं बरं वाटतं. होफरचा रोग इथे औषध झाला.

ग्राहकशास्त्राने हा धागा उचलला. २०१० मध्ये लव्हलँड, स्मेस्टर्स आणि मँडल यांनी काही जणांना संगणकावरच्या चेंडू टाकण्याच्या खेळात मुद्दाम एकटं पाडलं आणि नंतर जुन्या-नव्या वस्तूंतून निवड करायला सांगितलं. एकटं पडलेल्यांचा कल जुन्या वस्तूंकडे झुकला. एका प्रयोगात तर लहानपणच्या ओळखीचं बिस्किट खाल्ल्यावर तुटलेपणाची भावना कमी झाल्याचं आढळलं. २०१४ मध्ये लासालेटा, सेडिकिडीस आणि व्होस यांनी आणखी पुढचा दावा केला : स्मरणरंजनाने पैशावरची पकड सैल होते. जुनी आठवण जागवलेले लोक वस्तूला जास्त किंमत द्यायला तयार झाले, आणि नाण्याचं चित्र काढायला सांगितल्यावर त्यांनी ते लहान काढलं. दुकानदाराला हे ऐकून आनंद होईल. तिऱ्हाइताने जरा थांबावं.

थांबण्याचं कारण असं की, प्रयोगशाळेत माणसाला पाच-दहा मिनिटं बसवून, ‘जुनी हुरहूर लावणारी आठवण लिहा’ असं सांगून, लगेच वस्तू पुढे केली जाते. वाण्याच्या दुकानात असं कुणी सांगत नाही. तिथे मागे तीन माणसं उभी असतात आणि हातात यादी असते. या भावनेचा असर किती वेळ टिकतो, गल्ल्यापर्यंत पोचतो का, हे या प्रयोगांतून कळत नाही. शिवाय ‘घ्यायला आवडेल’ असं सांगणं आणि घेणं यांतलं अंतर विक्रीखात्यातल्या कुणालाही ठाऊक असतं.

या मांडणीची मोठी नैसर्गिक परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत झाली, असं म्हणतात. २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७ चं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १६ एप्रिलच्या एका भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचा दावा दूरदर्शनने केला. तो जगातला विक्रम आहे का यावर वाद झाला. काळ अनिश्चित, माणसं घरात कोंडलेली, आणि पडद्यावर लहानपणचा रविवार, हे सिद्धान्ताला धरूनच आहे. पण त्या दिवसांत नव्या मालिकांचं चित्रीकरणही बंद होतं, हे विसरून चालणार नाही.

तिसरी मांडणी : उसनी आठवण

वरच्या दोन्ही मांडण्या एक गोष्ट गृहीत धरतात : ज्याला हुरहूर वाटते त्याने तो काळ जगलेला असतो. सांस्कृतिक अभ्यासक इथेच हरकत घेतात. बार्बरा स्टर्न यांनी १९९२ मध्ये जाहिरातींच्या संदर्भात स्वतःच्या आयुष्याची ओढ आणि आपल्या जन्माआधीच्या काळाची ओढ असे दोन प्रकार वेगळे केले. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६ च्या ‘मॉडर्निटी ॲट लार्ज’मध्ये त्याहून टोकाची भूमिका घेतली. आजचा बाजार ग्राहकाला जे त्याने कधी गमावलंच नाही त्याची हानी जाणवून देतो. आठवण जाहिरात पुरवते, ग्राहकाने फक्त आरामखुर्चीत बसून हळहळायचं.

याचा चालताबोलता नमुना लंडनमध्ये आहे. २०१० मध्ये तिथे ‘दिशूम’ हे मुंबईच्या इराणी कॅफेच्या धर्तीवरचं उपाहारगृह सुरू झालं आणि त्याच्या शाखा वाढत गेल्या. लाकडी खुर्च्या, भिंतीवर जुनी छायाचित्रं, चहा आणि मस्का पाव. तिथे रांगेत उभे राहणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ग्रँट रोडच्या बी. मेरवानची पायरी कधी चढलेली नसेल. खुद्द मुंबईत, जिथे एके काळी शेकड्यांनी इराणी हॉटेलं होती, तिथे आता ती बोटांवर मोजण्याइतकी उरल्यासारखी आहेत. मूळ ओसरत असताना प्रतिकृती बहरते, हे या क्षेत्रातलं एक विचित्र सत्य आहे. त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण कोणत्याही मांडणीकडे नाही.

स्टीफन ब्राउन, रॉबर्ट कोझिनेट्स आणि जॉन शेरी यांनी २००३ मध्ये फोक्सवॅगनची नवी बीटल आणि ‘स्टार वॉर्स’ यांचा अभ्यास करून सांगितलं की, जुनं नाव परत आणणं म्हणजे जुनी वस्तू परत आणणं नव्हे. रूप जुनं, आतली यंत्रणा नवी, आणि ‘हे अस्सल आहे का’ यावर चाहत्यांत होणारी भांडणं, या तिघांचं ते मिश्रण असतं. आकुर्डीच्या बजाजने ऑक्टोबर २०१९ मध्ये दाखवलेली विजेवरची चेतक याच जातीची. पत्र्याची बॉडी आणि नाव जुनं, बाकी सगळं नवं. तिरकी करायची सोयही नाही.

जुनं जसंच्या तसं परत न आणता त्याच्याशी खेळताही येतं. कॅडबरीने २०२१ मध्ये आपली १९९० च्या दशकातली गाजलेली क्रिकेटची जाहिरात पुन्हा केली. आधी फलंदाज पुरुष होता आणि मैदानात नाचत शिरणारी मुलगी. आता फलंदाज मुलगी आणि नाचत शिरणारा मुलगा. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले होते : गेलेलं पुन्हा उभारू पाहणारं आणि गेल्याची जाणीव ठेवून त्याच्याकडे बघणारं. ही जाहिरात दुसऱ्या प्रकारात मोडते. पण पहिली जाहिरात ठाऊक नसलेल्या विशीतल्या प्रेक्षकाला त्यात काय दिसलं असेल, हा प्रश्न उरतोच.

चौथी भूमिका : आधी किंमत बघा

चौथ्या गटाचा ठाम असा सिद्धान्त नाही. आहे तो संशय. त्यांचं म्हणणं, जुन्या ब्रँडच्या यशापयशात किंमत, वितरण, सवय आणि रीत यांचा वाटा आधी वजा करा, मग उरेल ते आठवणीच्या नावावर मांडा.

पार्ले-जी घ्या. विलेपार्ल्याचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हा लोकलमधून जाताना भट्टीतल्या बिस्किटांचा वास स्टेशनपर्यंत कसा यायचा, यावर मुंबईकरांनी पानंच्या पानं लिहिली. २०२० च्या टाळेबंदीत या बिस्किटाची विक्रमी विक्री झाली आणि समाजमाध्यमांवर पुन्हा तसाच आठवणींचा पूर आला. खपाची कारणं शोधायला गेलं तर वेगळी सापडतात : पाच रुपयांचा पुडा, टिकाऊपणा, सरकारने आणि संस्थांनी वाटपासाठी केलेली मोठी खरेदी. आठवणी खोट्या नव्हत्या; खरेदीचं कारण त्या होत्या का, एवढाच प्रश्न आहे. आणि पाच रुपये ही किंमत टिकवण्यासाठी पुड्याचं वजन वर्षानुवर्षं घटत आलं. म्हणजे ‘आहे तसंच आहे’ ही भावनासुद्धा काट्यावर तोलून सांभाळावी लागते.

सवय आणि रीत यांचं गणित मोती साबणात स्पष्ट दिसतं. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण १९९३ मध्ये विलीनीकरणातून हिंदुस्थान लिव्हरकडे आला. गोल, जाडजूड, लहान मुलाच्या मुठीत न मावणारा; गुलाब आणि चंदन असे दोन वास. वर्षभर किराणा दुकानात तो मागच्या फळीवर असतो किंवा नसतोच. दसरा झाला की वाणी खोकीच्या खोकी मागवतो आणि पणत्या, उटण्याच्या पुड्या, सुगंधी तेल यांच्या शेजारी पुढेच मांडतो. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान उरकलं की घरातली वडी पुढे काही आठवडे न्हाणीघरात झिजत राहते, आणि मग नेहमीचा साबण येतो. हे स्मरणरंजन म्हणायचं की रीत? डेनिस रूक यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की विधीचा भाग झालेली वस्तू वेगळ्या नियमाने खपते. तिथे आवड विचारली जात नाही. ज्या घरात लहानपणी मोती नव्हता, असं परप्रांतातून पुण्यात आलेलं कुटुंबही शेजारच्यांचं पाहून तो घेतं. त्यांना कसलीही आठवण नाही, आणि खप मात्र तितकाच. दहा वर्षांनी त्यांच्या मुलांना याच वासाने दिवाळी आठवेल, हे खरं. रीत आधी येते आणि आठवण तिच्या मागून, असंही असू शकतं. या क्रमाकडे अभ्यासकांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला वाटतं.

मोटारसायकलींची तुलना संशयवाद्यांच्या हातातलं चांगलं शस्त्र आहे. पूर्वी मैसूरला बनणारी जावा महिंद्रा समूहाच्या क्लासिक लिजंड्सने नोव्हेंबर २०१८ मध्ये परत आणली, २०२२ मध्ये येझदीही आणली. बुकिंगला झुंबड उडाली. रॉयल एनफिल्डची पुंजीही तीच : जुनं रूप, जुना आवाज. पण ती कंपनी कधी बंदच पडली नव्हती, तिची दुकानं आणि दुरुस्तीची जागा गावोगावी होती. २०२४-२५ मध्ये एनफिल्डने दहा लाखांवर गाड्या विकल्या. जावा-येझदी त्याच्या जवळपासही पोचल्या नाहीत. विजेवरच्या चेतकचंही तसंच. पहिली काही वर्षं ती मोजक्या शहरांत आणि सावकाश विकली गेली. २०२४ मध्ये लाखाच्या आतलं मॉडेल आलं, विक्रीकेंद्रं वाढली, आणि त्या वर्षाअखेर ती विजेवरच्या स्कूटरींच्या मासिक यादीत वर चढली. नाव पहिल्या दिवसापासून तेच होतं.

या तर्काला उत्तर आहे, आणि ते दुर्लक्षण्याजोगं नाही. किंमत आणि वितरण सगळ्यांनाच जमवता येतं. पण अनोळखी नावाला लोक पहिली संधी द्यायलाच तयार नसतात. जुनं नाव ती पहिली संधी मिळवून देतं, पुढचं काम मालाने आणि दुकानाने करायचं. स्मरणरंजन दार उघडतं, घर चालवत नाही, अशी ही मधली वाट. तिच्या बाजूने बरेच विपणनतज्ज्ञ आहेत. ती पटण्यासारखी आहे. मोजून मात्र फारशी कुणी दाखवलेली नाही.

कुणाचा भूतकाळ?

या वादाला समांतर चाललेला एक प्रश्न विक्रीच्या आकड्यांत येत नाही. बाजार सगळ्यांच्या आठवणी विकत नाही, निवडक विकतो.

एक साधी अडचण प्रांताची. हेक्टर बेव्हरेजेसने २०१३ मध्ये ‘पेपर बोट’ आणलं ते बालपणाच्या आठवणींच्या नावावरच. त्यातलं आमपन्हं उत्तरेच्या वळणाचं, भाजलेलं जिरं आणि काळं मीठ घातलेलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गूळ-वेलदोड्याचं पन्हं प्यायलेल्या मराठी जिभेला ते चवदार लागेल, पण ते तिचं बालपण नव्हे. देशभर विकायचं तर आठवणीची सरासरी काढावी लागते.

दुसरी अडचण खोल आहे. ‘गावाकडची चव’, ‘आजीच्या हातची’, ‘जात्यावर दळलेलं’ हे शब्द मसाल्याच्या आणि पिठाच्या पाकिटांवर हमखास दिसतात. जात्यावर पहाटे कोण बसत होतं, हे पाकीट सांगत नाही. गावाबद्दल तर महाराष्ट्रातच दोन स्मृती आहेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाचं वर्णन अज्ञान आणि संकुचितपणाचं आगर असं केलं होतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ चं पुस्तक मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या खाद्यपदार्थांची नोंद करतं. त्यातले पदार्थही आजीच्याच हातचे आहेत, पण ते ‘पारंपरिक’ म्हणून सुपरमार्केटच्या फळीवर आलेले नाहीत. टीकाकार म्हणतात, विकाऊ भूतकाळ हा ज्यांचं बरं चाललं होतं त्यांचा भूतकाळ असतो. याला प्रतिवादही आहे : बाजाराने उचललं नसतं तर कोकमासारखी पेयं शहरी मुलांच्या जिभेवरून पुसली गेली असती. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात.

तिसरी गोष्ट आठवणीच्या खरेपणाची. २००२ मध्ये कॅथरीन ब्राउन, एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी काही जणांना डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात दाखवली. तिच्यात लहानपणी तिथे बग्ज बनीला भेटल्याचं वर्णन होतं. बग्ज बनी हे पात्र डिस्नेचं नाहीच, ते वॉर्नर ब्रदर्सचं. डिस्नेलँडमध्ये ते भेटणं अशक्य. तरी जाहिरात पाहिलेल्यांतल्या काहींना आपण त्याच्याशी हात मिळवला होता, असं वाटू लागलं. जाहिरात आठवण जागवते इथवर ठीक आहे. ती आठवण घडवत असेल, तर ‘ग्राहकाच्या मनातली ओढ’ हा सगळ्या मांडण्यांचा पाया थोडा हलतो.

काय बाकी आहे

पहिली गाठ मोजपट्टीची आहे. होलब्रूक यांनी १९९३ मध्ये स्मरणरंजनाकडचा कल मोजण्यासाठी जी प्रश्नावली बनवली, ती मुख्यतः ‘पूर्वीचे दिवस बरे होते का’ हे मत विचारते. साउदॅम्प्टनची प्रश्नावली ती भावना किती वेळा आणि किती हवीशी वाटते, हे विचारते. पूर्वी सगळं वाईटच होतं असं मानणारा माणूसही शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या बोरांसाठी हळवा होऊ शकतो. एकाच नावाखाली दोन गोष्टी मोजल्या जात असतील, तर निष्कर्ष जुळत नाहीत याचं नवल नको.

दुसरी गाठ टिकाऊपणाची. २०१९ मध्ये ट्विटरवरच्या एका मागणीला मिळालेल्या प्रतिसादानंतर पार्लेने रोला-कोला ही बंद केलेली गोळी परत आणली. मागणी करणं फुकट असतं; पहिली गोळी खाऊन झाल्यावर दुसरी कितीजण घेतात, हे तपासणारे अभ्यास फार थोडे आहेत.

तिसरी गाठ काळाच्या अंतराची. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सहा वर्षांत कसलं स्मरणरंजन? तो पाहायला गेलेल्यांतल्या अनेकांनी तो आधी फोनवर पाहिला होता आणि थिएटरात पाहायचा राहिला होता. चुकलेल्या संधीची भरपाई हा वेगळाच हेतू आहे, आणि त्याला अजून धड जागा मिळालेली नाही.

भारतापुरती आणखी एक शंका आहे. १९९१ पूर्वीच्या भारतात मध्यमवर्गीयांची स्कूटर बहुधा एकच, वाहिनी एकच, कोला दोन-चार. टंचाईनेच एका अख्ख्या पिढीला सामाईक आठवणी दिल्या. चेतक, कॅम्पा, ‘रामायण’ यांच्या पुनरागमनाचा पाया तोच आहे. त्यानंतर वाढलेल्यांचं बालपण शंभर वाहिन्यांत आणि हजार पाकिटांत विभागलं गेलं. त्यांच्यासाठी एकच नाव अशी हाक मारू शकेल का, की स्मरणरंजनाचा घाऊक व्यापार एका पिढीपुरताच होता? अमेरिकेत मोजलेल्या आलेखांवरून याचं उत्तर निघणार नाही.

उत्तर शोधायला लागणारी सामग्री खरं तर रोज तयार होते. कोणत्या वयाच्या, कोणत्या गावात वाढलेल्या माणसाने कोणता जुना ब्रँड किती रुपयांना घेतला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घेतला का, एवढंच कळायला हवं. पण आपल्याकडे दहा रुपयांची बाटली आणि पाच रुपयांचा पुडा अजूनही बहुतांशी किराणा दुकानातून, बिलाशिवाय जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲप्सकडे ती नोंद नावा-पत्त्यासकट असते. ती कंपन्यांच्या मालकीची आहे, आणि विद्यापीठांतल्या अभ्यासकांना आजही विद्यार्थ्यांना वर्गात बसवून, बिस्किटं वाटूनच प्रयोग करावे लागतात.